डबे मोजणारी मुलगी



ह्या आठवड्यात मसाल्याच्या डब्यांत होणाऱ्या किडीबद्दल लिहायचे, असे गेल्या अंकात कबूल केले होते. लिहायला बसलेही होते. तेवढ्यात टपाल आले आणि त्यात कोराडीहून एका भगिनीचे चार पानी पत्र निघाले. ते वाचले आणि लेखणी काही केल्या मसाल्यावर चालेना. मसाला आठ दिवस थांबेल. हे पत्र थांबण्यासारखे नाही.

कोराडी म्हणजे नागपूरहून सावनेरकडे जाताना लागते ते. जगदंबेचे देऊळ, तलाव आणि वीजकेंद्राच्या उंच चिमण्या. आपल्यापैकी किती तरी जणी नवरात्रात तिथे रांगेत उभ्या राहिल्या असतील. ह्या बाईंचे सासर तिथलेच. यजमान एका ठेकेदाराकडे कामाला, घरात सासूबाई, मुलगा बारा वर्षांचा आणि मुलगी नऊ वर्षांची. घराच्या ओट्यावरून रेल्वेचे रूळ दिसतात आणि त्यांवरून कोळशाच्या मालगाड्या जातात. मुलगी पाच वर्षांची असल्यापासून ओट्यावर बसून त्यांचे डबे मोजते. आधी तिला वीसपर्यंतच येत होते, म्हणून वीस झाले की ती पुन्हा एकपासून सुरू करायची. पुढे जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आकडे लिहू लागली. अठ्ठावन्न, अठ्ठावन्न, एकोणसाठ, अठ्ठावन्न. एक दिवस सत्तावन्नच भरले.

"आई, एक डबा कुठी गेला?"

आईला पोळ्या टाकायच्या होत्या.

"आई, हा कोयसा येते कुठून?" खाणीतून येतो. "खाण कुठी आहे?" तिकडे. "तिकडे म्हंजे कुठी?" आणि रिकाम्या गाड्या परत कुठे जातात, आणि खाणीच्या पलीकडे काय आहे, आणि तिथल्या पोरी आपल्यासारखंच बोलतात का? बाई लिहितात, "ताई, मी सकाळी पाचला उठते. रात्री दहाला पाठ टेकते. मी तरी किती उत्तरं देऊ? आणि खरं सांगते, मला येतही नाहीत."

मागच्या महिन्यात मुलगी शाळेतून वेळेवर घरी आली नाही. शोधाशोध झाली. साडेपाचच्या सुमाराला ती गावाबाहेर रुळांच्या कडेने चालताना सापडली, दप्तर पाठीला, पायात धूळ. कोळसा कुठून येतो ते बघायला निघाली होती आणि दिवेलागणीपर्यंत परत येणारच होती, असे तिचे म्हणणे. घरी आल्यावर वडिलांनी मारले. आजी म्हणाली, "पोरीच्या जातीले कायले पाह्यजेत इतक्या चौकश्या?" आणि ते कॅलेंडर चुलीत गेले. आता शाळेत जाता-येता भाऊ बरोबर असतो. ओट्यावर बसायचे नाही.

पत्राचा शेवट मात्र तसाच्या तसा देते. "तेव्हापासून ती काहीच विचारत नाही. गाडी आली तरी मान वर करत नाही. घरात सगळे म्हणतात, बरं झालं, सुधारली. मलाही बरं वाटायला पाहिजे, पण वाटत नाही. ताई, हे वेड गेलं ते चांगलंच झालं ना?"

नाही हो, ताई. चांगले झाले नाही. आणि ते तुम्हालाही ठाऊक आहे, नाही तर चार पाने लिहिली नसती.

आधी घरच्यांच्या बाजूचे बोलते. रुळांच्या कडेने चालणे हा पोरखेळ नाही. मालगाडी किती जवळ आली हे मोठ्या माणसालाही चटकन कळत नाही. नऊ वर्षांची पोर संध्याकाळी सापडेना, तेव्हा वडिलांच्या आणि आजीच्या पोटात काय झाले असेल! त्या भीतीला मी नावे ठेवणार नाही. (हात उगारण्याबद्दल मात्र ठेवीन. पण ते तुमच्या यजमानांशी समोरासमोर बोलण्याचे आहे.) रुळांजवळ जायचे नाही, एकटीने जायचे नाही, सांगितल्याशिवाय जायचे नाही. हे तीन नियम तिला आजही सांगा, उद्याही सांगा.

पण ती एकटी का निघाली? चार वर्षे ती बरोबर कुणी तरी शोधत होती. मिळाले नाही.

आता माझेच सांगते. १९८२ च्या सुमाराची गोष्ट. माझी नणंद तेव्हा कोराडीच्या वसाहतीत राहायची. वीजकेंद्राचा पहिला संच १९७४ साली सुरू झाला, त्यानंतर गावोगावची माणसे तिथे येऊन राहिली होती. एकाच जिन्यात सोलापूरचे बिऱ्हाड, वर केरळचे, खाली बिहारचे. आम्ही दिवाळीनंतर भाऊबीजेला गेलो होतो. माझी मुलगी सहा वर्षांची. चिमणीकडे बघत तिने विचारले, "आई, पावसाचे ढग इथेच करतात का?" सगळे हसले. मी सगळ्यांत जास्त हसले. घरी आल्यावर शेजारणीला सांगितले, हळदीकुंकवाला सांगितले, माहेरी जाऊन सांगितले. दर वेळी ती कोपऱ्यात उभी असायची. किती गोड प्रश्न म्हणून मी कौतुकानेच सांगत होते, पण तिला ऐकू जात होते ते हसणे. त्यानंतर तिने चारचौघांत मला कधी काही विचारले नाही. आधी वाटले, मोठी झाली. बऱ्याच वर्षांनी लक्षात आले की प्रश्न संपले नव्हते, माझ्यापाशी यायचे थांबले होते. आज ती तिच्या संसारात सुखी आहे. आठवड्याला फोन येतो, तब्येतीची चौकशी होते. एवढेच.

म्हणून मुले गप्प झाली की सुधारली, असे मला म्हणवत नाही.

जगाची ओढ मुलांना कशी लागते, ह्याबद्दल आपली एक समजूत असते. चांगली शाळा, महागडी पुस्तके, पृथ्वीचा गोल, सुट्टीत सहली, ह्यांतून ती लागते म्हणे. मी पाहिले आहे ते वेगळे. रांगणारे मूल उंबऱ्यापाशी येते आणि पलीकडे हात टाकून बघते, तिथेच ती सुरू होते. तीन-चार वर्षांचे झाले की 'का?' सुरू होते, आणि तेव्हा त्याला उत्तरापेक्षा आपण बोललेले हवे असते. सात-आठ वर्षांनंतर प्रश्न बदलतो. दिसते त्याच्या मागे काय आहे, हे हवे असते. नळाच्या मागे काय, बटणाच्या मागे काय, गाडी दिसेनाशी होते तिथे काय. हा वेळ फार मोलाचा. पुढे बारा-तेराव्या वर्षी मुलाला सायकल मिळते आणि मुलीला ओढणी. तोवर हा प्रश्न जिवंत राहिला तर मुलगी त्याला कुठून तरी वाट काढून देते. नाही तर...

ताराबाई मोडकांचे नाव तुम्ही ऐकले असेल. त्यांनी १९४५ साली बोर्डीला आणि पुढे १९५७ पासून कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम केले, अनुताई वाघ त्यांच्या जोडीला. परदेशी पद्धतीची महागडी साधने तिथे परवडणारी नव्हती. त्यांनी गारगोट्या, शिंपले, पाने, बिया घेतल्या, आणि मुले शाळेत येईनात तेव्हा शाळाच अंगणात नेली. अंगणवाडी हा आपल्या रोजच्या बोलण्यातला शब्द तिथूनच आला. तुमच्या लेकीपाशी तर साधन रोज स्वतःहून चालत येते आहे, अठ्ठावन्न डब्यांचे!

तर आता कोळशाचे. हे तिला वाचून दाखवा, किंवा हा अंकच तिच्या हातात द्या.

कोराडीच्या आसपास, कामठी-सावनेर-उमरेडकडे आणि खाली चंद्रपूर-वणीपर्यंत जमिनीत जो कोळसा आहे, तो एके काळी जंगल होता. सुमारे २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वी इथे सखल, दलदलीचा प्रदेश होता. झाडे पडायची ती चिखलात बुडायची. हवा लागत नसल्याने पुरती कुजायची नाहीत. त्यांवर नद्यांनी वाळू आणि गाळ आणून टाकला, थरावर थर चढले, दाब आणि उष्णता वाढली आणि लाकूडपाल्याचा कोळसा झाला. त्या जंगलात एक झाड फार होते, ग्लॉसोप्टेरिस त्याचे नाव. त्याचे पान जिभेसारखे लांबट, मधोमध शीर आणि दोन्ही बाजूंना बारीक जाळी. नावातही जीभ अशाच अर्थाचा ग्रीक शब्द आहे. कोळशाच्या वरखालच्या दगडांत ह्या पानांचे ठसे सापडतात, अगदी ओल्या सिमेंटवर पान पडून उमटावे तसे.

हे ठसे आपल्याकडे हौसेने गोळा करणारा एक माणूस होता. स्टीफन हिस्लॉप नावाचा स्कॉटिश मिशनरी १८४५ साली नागपुरात आला. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज आहे, ते ह्याच्याच नावाचे. शाळा चालवता चालवता हा माणूस दगड फोडून बघत हिंडायचा. कामठी, सिलेवाडा ही गावे कोराडीहून काही लांब नाहीत. तिथल्या दगडांतली पाने त्याने लंडनच्या शास्त्रज्ञांपर्यंत पोचवली. गोंडांची गाणी आणि कथाही त्याने लिहून घेतल्या होत्या. १८६३ मध्ये पुराच्या पाण्यात बुडून तो वारला. भूशास्त्राच्या पुस्तकांत आजही एका खडकाच्या थराला कामठीचे नाव आहे.

ह्या कोळशाच्या खडकांना पुढे १८७० च्या दशकात नाव मिळाले ते गोंडवन, म्हणजे आपल्या गोंडांच्या मुलखाचे. तशीच जिभेसारखी पाने दक्षिण आफ्रिकेत, ऑस्ट्रेलियात, दक्षिण अमेरिकेतही सापडत होती. झाड काही समुद्र पोहून जात नाही. तेव्हा ह्या सगळ्या जमिनी कधी काळी एकमेकींना चिकटलेल्या असणार, असा विचार पुढे आला, आणि त्या जुन्या अखंड भूमीलाही नाव तेच राहिले, गोंडवाना. १९१२ साली कॅप्टन स्कॉट आणि त्याचे सोबती दक्षिण ध्रुवावरून परतताना थंडीने आणि उपासमारीने मेले. काही महिन्यांनी त्यांचा तंबू सापडला, तेव्हा जवळ सुमारे १६ किलो दगड होते. पाय उचलत नव्हते, तरी त्यांनी ते टाकले नव्हते. त्या दगडांत हेच ग्लॉसोप्टेरिस होते.

म्हणजे लेकीला सांगा, तू ज्याचे डबे मोजतेस त्या कोळशाचे भाऊबंद पार दक्षिण ध्रुवाच्या बर्फाखाली आहेत, आणि त्या सगळ्या प्रदेशाला जगभरचे लोक नाव घेतात ते तुझ्या मुलखाचे. 'तिकडे म्हणजे कुठी' ह्याचे उत्तर असे लांबत जाते.

हे मला तरी कुठे पाठ होते? पत्र आल्यावर वाचनालयात जाऊन बसले, कॉलेजात शिकवणाऱ्या एका ओळखीच्या बाईंना विचारले. तुम्हाला उत्तरे येत नाहीत ह्याचे वाईट वाटून घेऊ नका. "मला माहीत नाही, आपण विचारू" एवढे म्हणा. मात्र विचारायचे म्हटले की विचारायचे. आठ दिवसांत, कुणाला तरी, तिच्या देखत. पोळ्या टाकताना प्रश्न आला तर "वहीत लिहून ठेव, रविवारी बघू" म्हणा आणि रविवारी वही उघडा. दहा प्रश्नांतल्या दोनांचा पत्ता लागला तरी पुरे. ती रागावणार नाही.

भिंतीवर एक नकाशा लावा. शाळेच्या पुस्तकांच्या दुकानात स्वस्तात मिळतो. खिळे ठोकू नका, चार दिवसांत कोपरे फाटतात. मैद्याची पातळ खळ करून मागून सगळीकडे सारखी लावा आणि कोरड्या फडक्याने मधून कडेकडे दाबत या, म्हणजे फुगे राहत नाहीत. किडे लागू नयेत म्हणून खळीत चिमूटभर मोरचूद घालतात. पण ते विषारी असते, खळ आपणच करा आणि उरलेली लगेच टाकून द्या. नकाशा स्वयंपाकघराजवळ लावा. बैठकीच्या खोलीत लावला तर तो पाहुण्यांचा होतो.

नवरात्रात तुमच्या गावात काय कमी जग येते? देवळाच्या वाहनतळावर उभे राहून गाड्यांच्या पाट्या वाचायला सांगा. एमएच ४० म्हणजे नागपूर ग्रामीण, एमपी २८ म्हणजे छिंदवाडा, सीजी म्हणजे छत्तीसगड. कुठून किती गाड्या आल्या ते वहीत, मग घरी येऊन नकाशावर बोट. आजीला दर्शनाला न्यायचेच असते, पोर बरोबर. कोराडीची देवी सकाळी कन्या, दुपारी तरुणी आणि संध्याकाळी प्रौढा दिसते, असे आपण भक्तिभावाने सांगतो. त्यातली कन्या घरात प्रश्न विचारू लागली की मात्र आपल्याला ती लगेच प्रौढा व्हायला हवी असते!

नागपूर तर हाकेच्या अंतरावर. झिरो माइलचा स्तंभ दाखवा. १९०७ सालच्या त्या दगडावर हैदराबाद, जबलपूर, शिवनी, छिंदवाडा, बैतूल अशी नावे आणि मैल कोरलेले आहेत. अजब बंगला १८६३ पासूनचा, रमण विज्ञान केंद्र १९९२ पासूनचे. आणि मुख्य म्हणजे सावनेर. तिथली कोळशाची खाण पाहुण्यांना दाखवायला वेस्टर्न कोलफील्ड्सने आणि पर्यटन महामंडळाने २०१६ मध्ये सुरुवात केली होती. जायच्या आधी चौकशी करा. आत जायला मिळाले नाही तरी लांबून तरी दाखवा. आणि तिच्या वडिलांना बरोबर घ्या. माझ्या अनुभवात, मारल्यानंतर बापालाही कुठून तरी सुरुवात करायची असते, त्याला सुचत नाही इतकेच.

आता सासूबाई. तुम्हाला वाटत असेल, त्यांचे काय करायचे? त्यांना विचारा. कोराडीवरून छिंदवाड्याकडे जाणारी रेल्वे पूर्वी अडीच फुटी रुळांची छोटी गाडी होती, २०१५ च्या अखेरीस ती बंद झाली आणि मग मोठे रूळ पडले. सासूबाईंनी ती गाडी पाहिली असणार, बहुधा बसल्याही असणार. भाडे किती होते, डब्यात कोण कोण भेटायचे, लग्न होऊन आल्या तेव्हा कशा आल्या, हे नातीने विचारू दे. ज्यांना कधी कुणी काही विचारले नाही, त्यांना इतरांच्या चौकश्या खुपतात असे मी पाहिले आहे. आणि तीच गाडी जिकडे जायची त्या छिंदवाडा भागातल्या देवगडच्या बख्त बुलंदशहाने, एका गोंड राजाने, १७०२ मध्ये नागपूर वसवले, हे आजीला सांगायची संधी नातीला मिळू दे. कॅलेंडर जाळल्याचा विषय मात्र काढू नका. एक नवे, मागून कोरे असलेले, ओट्याजवळच्या खिळ्याला टांगून ठेवा. काही बोलू नका. पहिले आठ-पंधरा दिवस ती हात लावणार नाही. एखाद्या दिवशी गाडी जाताना तुम्हीच मोजा, मोठ्याने, आणि मध्येच चुका.

भावाला तिचा पहारेकरी करू नका, तेवढे माझे ऐका. त्यालाही वही द्या. दोघे मोजतील, भांडतील, आकडे जुळणार नाहीत.

आणि हो, एक गंमत राहिलीच. नागपूरकर आंघोळी करतात, भांडी घासतात, त्यातले पुष्कळसे सांडपाणी भांडेवाडीला शुद्ध होते आणि ते कोराडीच्या वीजकेंद्राला दिले जाते. म्हणजे इकडे मी पातेले विसळले की तिकडे तुमच्या गावात वीज होते, आणि ती तारेवरून परत माझ्याकडे येते. नळाच्या मागे काय आणि बटणाच्या मागे काय, ह्याची वर्तुळे मुलांना काढायला सांगून बघा. तासभर घर शांत राहते, अगदी पापड लाटून होतात.

राहता राहिला तो सत्तावन्न डब्यांच्या गाडीतला एक डबा. तो कुठे गेला ह्याचा मलाही पत्ता लागलेला नाही. रेल्वेत काम करणाऱ्या, किंवा ज्यांचे यजमान रेल्वेत आहेत अशा कुणा भगिनीला ठाऊक असेल तर कृपा करून कळवावे, मी ते कोराडीला पाठवीन. पत्र मुलीच्या नावाने लिहा. तिला अजून स्वतःच्या नावाचे टपाल आलेले नाही.

मसाल्याच्या किडीचे पुढच्या आठवड्यात, नक्की.